उंदरांनी खाल्लेली सुरत

वहिनी,

तुझ्या फोटोत दादा आहे. आधी तेच सांगते. तुझ्या गंधमुक्तीच्या, सुतक संपायच्या दिवसाच्या बॅनरसाठी त्यानं जो फोटो निवडला त्यात तू घरातल्या वस्तूंनी मांडलेल्या तुझ्या शहरापाशी मांडी घालून बसली आहेस, हातात चिमटा आहे, आणि दादा तुझ्या मागं उभा राहून किसणीच्या उंच बिल्डिंगकडं बोट दाखवतोय, जणू ती त्यानंच उभी केली. खाली छापलंय, 'कलेला सदैव पाठबळ देणारे पती'. आणि त्याचं नाव, तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात. बॅनर गल्लीच्या तोंडाशी लागला तेव्हा मी दूध घेऊन येत होते. पिशवी हातात धरून मी ते दोनदा वाचलं.

गेलेल्या माणसाला लिहायचं तर गोड लिहावं म्हणतात. तू होतीस म्हणून मला माहेर होतं, आई गेल्यावर माझ्या बाळंतपणात तू माझ्या पायाला तेल लावलंस, हे सगळं आहेच. पण माझ्याच्यानं आज गोड लिहवत नाही. मी रागात आहे, आणि मला गप्प बसवायला तू नाहीस. घरात आपण अहिराणीच बोलायचो, लिहायला बसले की शाळेतली मराठी येते. तेवढं समजून घे.

तू लग्न होऊन शिंदखेड्याहून सुरतेला आलीस, तेव्हा स्टेशन ते गोडादरा एवढा रिक्षातला रस्ता पाहिलास आणि मग घर. दादा लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात मास्टर होता, मशीन बिघडली की त्याला हाक. बायकोनं कामाशिवाय बाहेर कशाला जायचं, असं त्याचं सरळ म्हणणं. तू घरात बसून साड्यांना लेस लावायचीस. मी मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जायचे, त्यामुळं तुझ्यासाठी मी म्हणजे शहरात जाऊन आलेलं माणूस. संध्याकाळी ओट्यावर बसून तू विचारायचीस, तापी केवढी आहे गं? पुलावरून खाली बघितलं तर भीती वाटते का? मार्केटमध्ये किती मजले? लिफ्टमध्ये पोटात कसं होतं? मला कंटाळा यायचा, पण तुला उत्तर पूर्ण हवं असायचं. 'मोठी आहे' एवढ्यावर तू सोडायची नाहीस.

पहिलं शहर तू काजलसाठी केलंस. ती लहान होती, तापातून उठली होती, तोंडाला चव नव्हती. तू ताटात भाकरीच्या चतकोरांची घरं मांडलीस, मधून पिठल्याचा रस्ता काढलास, गुळाच्या खड्याचं देऊळ केलंस, आणि म्हणालीस, 'हे स्टेशन खा. आता हा चौक खा.' काजल सगळं शहर खाऊन गेली. मी दारात उभी राहून बघत होते. तुझ्या तोंडावर जे होतं ते तुझ्या लग्नातही नव्हतं.

मग श्रावणात घरात कानबाई देवी बसली की तिच्यासमोर तू शहर मांडायला लागलीस. आधी पाटाएवढं, मग चटईएवढं, मग अर्धी खोली. पुलांना कंगवे. पाण्याच्या टाक्या म्हणजे उपडे स्टीलचे पेले. कपड्यांचे चिमटे म्हणजे रिक्षा, आणि त्या तू खरोखरच्या सुरतेसारख्या वेड्यावाकड्या घुसवायचीस. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगच्या चिमण्या तू दादाच्या खात्यातल्या सुताच्या रिकाम्या कोनांच्या केल्यास, वर कापसाचा धूर, आणि खाली वाटीत हळद, कुंकू, नीळ कालवून ओढ्याचं रंगीत पाणी. चलथाणचा साखर कारखाना गुळाच्या ढेपेचा होता. त्याला मुंग्या लागल्या तेव्हा तू म्हणालीस, 'असू दे, हंगामाचे मजूर आलेत.' गल्लीतली एक बाई वेसूला धुण्याभांड्याला जायची. तिनं सांगितलं, 'तिथं भिंत दिसतच नाही वहिनी, नुसत्या खिडक्या.' तू आत गेलीस आणि किसणी आणून उभी केलीस. ती बाई केवढी हसली होती. म्हणाली, 'हीच! सातव्या मजल्यावर माझं काम.'

घरांच्या भिंती मात्र बिबड्यांच्या. ज्वारीचा पापडासारखा बिबडा अर्धा वाळला की तू कात्रीनं चौकोन कापायचीस, पुन्हा उन्हात टाकायचीस आणि मैद्याच्या खळीनं जोडायचीस. उडदाच्या पापडांची छपरं. कुरडयांची झाडं. शेवयांच्या विजेच्या तारा. चैत्रात तू सगळ्या घरासाठी बिबडे-कुरडया करायचीस, आणि त्यातले निम्मे शहरासाठी बाजूला ठेवायचीस. दादा म्हणायचा, माणसं खातील की घरं खातील? तेव्हा तो हसून म्हणायचा. हेही लिहिते. तेव्हा त्यात विष नव्हतं.

ज्या वर्षी दूरदूरच्या गल्ल्यांतून बायका बघायला आल्या, त्या वर्षी तुला बोलावणं आलं. शहरात एका सभागृहात घरगुती कलांचं प्रदर्शन होतं. एक ताई घरी येऊन गेल्या, म्हणाल्या, अख्खी सुरत मांडा, जागा देतो. तू दादाकडं बघितलंस. तो म्हणाला, 'जा की. मी टेम्पो बघतो.' वहिनी, तो तसं म्हणाला होता. म्हणूनच मला पुढचं जास्त लागतं.

तू महिनोन्‌महिने लागली होतीस. पुढच्या खोलीत जमिनीवर चादर पसरून शहराचे तुकडे तयार करून ठेवलेस, एकेक तुकडा परातीत, म्हणजे उचलून नेता येईल. स्टेशन एका परातीत, चौक दुसरीत, कापड मार्केट तिसरीत. नेसायची साडी इस्त्री करून ठेवलीस. मला हळूच विचारलंस, 'टेम्पोत सामान जाईल, पण मी बसनं गेले तर चालेल? एकटी?' मी बस सांगितली, कुठं उतरायचं ते सांगितलं. तू ते रस्ते बोटानं चादरीवरच्या शहरात दाखवलेस. म्हणालीस, 'म्हणजे मी इथून इथं जाईन.' तुझं बोट कंगव्याच्या पुलावरून गेलं.

आणि आला तो रविवार. दादानं तेव्हा नुकतीच खात्यातली नोकरी सोडून साड्यांची दलाली धरली होती. मार्केटमधले दोन शेठ त्यानं जेवायला बोलावले. मी दुपारी तुला मदतीला म्हणून आले, तर पुढच्या खोलीत हसण्याचा आवाज. दोघं शेठ खुर्च्यांवर, दादा खाली, आणि समोर तुझं शहर. एक जण वाकून बघत म्हणाला, 'भगवानभाई, आ तो बधुं खावानुं छे ने?' दादा म्हणाला, 'हा, बधुं.' सगळं खायचंच. शेठ म्हणाला, 'तो चखाडो ने!' म्हणजे चाखवा ना मग. तो गंमत करत होता, वहिनी. कुणीही ओळखलं असतं. दादानं 'हो हो' म्हणून विषय सोडला असता तर शेठ जेवून घरी गेला असता.

दादानं हात पुढं केला आणि स्टेशनचं छप्पर उचललं. उडदाचा पापड होता तो. खळ सुटताना टक्‌ आवाज आला. त्यानं तो शेठच्या हातात दिला आणि आत हाक मारली, 'अगं, हे कच्चं कसं देऊ? तेल ठेव.'

तू पदर खोचत बाहेर आलीस. बघितलंस. मला वाटलं, आता ही परात उचलून ह्याच्या डोक्यात घालेल. तू वाकलीस, स्टेशनची परात उचललीस आणि आत घेऊन गेलीस. मी मागं धावले. गॅस पेटलेला होता. तू भिंती सुट्या करत होतीस, खळ नखानं काढत होतीस, आणि एकेक तेलात सोडत होतीस. कुरडयांची झाडं तेलात दुपटीनं फुलली. मी ओरडले, 'वहिनी, काय करतेस?' बाहेरून दादाचा आवाज आला, 'मंगल, आमच्या घरच्या गोष्टीत तू पडू नको.' मी त्याला उत्तर द्यायला वळले तर तू माझं मनगट धरलंस. तेलकट हात, चटका बसेल एवढा गरम. म्हणालीस, 'कसाले भांडस? तुना भाऊ शे तो.'

आधी स्टेशन गेलं, मग चौक, मग मार्केट. बाहेर ते वाटून खात होते. 'तुला स्टेशन, मला चौक.' दादाचा आवाज सगळ्यांत मोठा. आपल्या लोकांनी सुरत लुटली, दोनदा लुटली, असं शाळेत अभिमानानं शिकवायचे. ही तिसरी लूट मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितली. आणि तू ताट घेऊन बाहेर गेलीस तेव्हा तू हसत होतीस. शेठ म्हणाला, बहेन, फार छान झालंय, आणि तू हसून म्हणालीस, आणखी देऊ?

ते हसणं मी तुला कधी माफ केलं नाही.

संध्याकाळी तू किसणी धुतलीस, पेले धुतलेस, कंगवे धुतलेस, चिमटे दोरीवर लावलेस. सगळं शहर मांडणीत गेलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या ताईंचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. दादाही होता, दाढी करत होता. तू म्हणालीस, 'नाही जमणार ताई. सगळं उंदरांनी खाल्लं.' ताई बिचाऱ्या हळहळल्या असतील, कारण तू म्हणालीस, 'हो ना, घरातलेच उंदीर. काय करणार.' दादाचा वस्तरा थांबला. मग तो पुन्हा दाढी करायला लागला. तुझ्या सगळ्या आयुष्यात तू त्याला दिलेला तेवढा एकच फटका, आणि तोही फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी सांगून. माझं त्यावर पोट भरत नव्हतं.

किती वेळा भांडलो आपण ह्यावर. 'हसलीस का?' मी विचारायचे. तू म्हणायचीस, 'पाहुण्यांसमोर तो उघडा पडला असता.' मी म्हणायचे, पडू द्यायचं होतं. तू म्हणायचीस, 'पहिलं शहर तर काजलनंच खाल्लं होतं. खायच्याच वस्तूंचं होतं ना, खाल्लं त्यांनी.' मी म्हणायचे, काजलला तू भरवलं होतंस. ह्याच्यापुढं तू यायची नाहीस. 'जाऊ दे व माय' म्हणायचीस आणि लेस हातात घ्यायचीस. आपलं भांडण कायम त्याच टाक्यावर अडलं.

त्यानंतर दोन-तीन श्रावण तू कानबाईसमोर नुसती रांगोळी काढलीस. बायका विचारायच्या तेव्हा म्हणायचीस, गुडघे दुखतात. मग एका दुपारी माझ्या घरी आलीस, गॅलरीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'तुझ्या गॅलरीत ऊन चांगलं येतं.' माझ्या घरातली किसणी मी स्वतः तुझ्या हातात दिली. दादा कामावर गेला की तू यायचीस, आणि माझ्या गॅलरीत पुन्हा सुरत उभी राहायला लागली. ती आधीच्यापेक्षा चांगली होती. ह्या वेळी तू मला काही विचारलं नाहीस, कारण आता तू दुपारी थोडीथोडी बाहेर जाऊन यायचीस. एकदा पुलावर जाऊन आलीस. परत आल्यावर कंगवा काढून टाकलास आणि त्या जागी झाऱ्याचा दांडा लावलास. म्हणालीस, 'पूल असा सपाट नसतो गं. मधे जरा चढतो.'

काजल कॉलेजात गेली होती. तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. 'फुई, मम्मीनं किती मस्त बनवलंय, टाकू ने?' आत्याला आपल्यात फुई म्हणतात, गुजरातीतही फोई, त्यामुळं तिची जीभ तिथं बरोबर बसते. तिनं टाकला. लोकांनी बघितला, आणि खूप बघितला. आणि मार्केटमध्ये कुणीतरी दादाला थांबवून म्हणालं, तुमच्या मिसेस म्हणजे कमाल आहेत.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. मी तयारीत होते, कंबर कसून. तो माझ्या घरी आला, चपला काढल्या, गॅलरीत गेला, खूप वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'चांगलं जमलंय.' पुढच्या व्हिडिओत तो नवा शर्ट घालून तुझ्या शेजारी बसला. सांगत होता, 'मी हिला पहिल्यापासून सांगायचो, तू कर, मी आहे.' आणि तू, वहिनी, मान डोलावलीस.

त्या रात्री मी तुझ्याशी जेवढं भांडले तेवढं कधी भांडले नव्हते. तू म्हणालीस, 'त्याला वाटू दे तसं. त्यात माझं काय जातं?' मी म्हटलं, सगळं जातं. तू म्हणालीस, 'मंगल, तुझा राग माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी?' मी उठून गेले. पुढं आठवडाभर मी तुला फोन केला नाही. मग तूच रोट घेऊन आलीस.

दवाखान्याचं मी लिहीत नाही. पोटात पाणी झालं, डॉक्टर सांगत गेले, आपण ऐकत गेलो. पण एक लिहायला हवं, मला नको असलं तरी. दादानं तुला जिन्यावरून हातांवर उचलून खाली नेलं. दवाखान्यात बाकावर तोच झोपला. तुझे केस तोच विंचरायचा, वेणी घालता येत नव्हती तर नुसती गाठ मारायचा. मी बघायचे आणि मला राग यायचा, कारण तसं बघितल्यावर राग धरणं अवघड जात होतं. शेवटी शेवटी तू मला म्हणालीस, 'गॅलरीतलं आवरून टाक. धूळ बसत असेल.' मी विचारलं, 'वहिनी, त्या दिवशी का हसलीस?' तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. झोपलीच असशील. मला उत्तर मिळालं नाही, आणि आता मिळणार नाही.

तू गेल्यावर चार दिवसांनी दादा आला. म्हणाला, 'गंधमुक्तीला गॅलरीतलं शहर घेऊन ये. फोटोसमोर ठेवू. लोक बघतील तिची कला.' बॅनर त्याच दिवशी लागला होता. मी म्हटलं, 'आणते.'

आपल्यात सुतकात कढई चढत नाही, तुला सांगायला नको. गंधमुक्तीच्या दिवशी पहिली कढई चढते, काहीतरी तळतात, आणि मग दुःख घरातून निघालं असं धरायचं. घरातल्या बाया हे करतात. मी आदल्या दिवशी गॅलरीत बसले. स्टेशन, चौक, मार्केट पुन्हा तीन परातींत मांडलं, त्या रविवारी होतं तसंच. काही भिंती कमी पडल्या. तुझ्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्यात तू गेल्या चैत्रात केलेले बिबडे होते, कुरडया होत्या. तुझ्या हातचे शेवटचे. मी ते घेतले. छपरांना तुझेच पापड लावले.

गल्लीत मांडव होता. नंदुरबारकडचे पाहुणे, खात्यातले लोक, गल्लीतल्या बाया, आपली मोठी काकी काठी टेकत आली होती. त्या दोन शेठांपैकी एक पहिल्या रांगेत खुर्चीवर. काजल आणि मी पराती आणून तुझ्या फोटोसमोर ठेवल्या. लोक वाकून बघायला लागले, मोबाइल काढायला लागले. दादा किसणीजवळ उभा राहिला, फोटोतल्यासारखाच.

मी आतून शेगडी आणली, त्याच्या पुढ्यात ठेवली. कढई ठेवली. तेल ओतलं. म्हटलं, 'दादा, पहिली कढई तू चढव.'

तो हसला. 'हे बायांचं काम. मी काय तळू?'

मी स्टेशनचं छप्पर उचललं. तसाच आवाज आला, टक्‌. त्याच्या हातात दिलं. म्हटलं, 'हे तळ. शेठ बसलेत, त्यांना वाढ. त्या रविवारी वहिनीनं तळलं होतं ना, आज तू तळ.'

तेव्हा त्याला कळलं. त्याचं तोंड उतरलं ते मी बघितलं, आणि वहिनी, मी नजर काढली नाही. लोकांना काहीच कळत नव्हतं. मग मी सांगितलं. जोरात नाही. प्रदर्शन ठरलं होतं, साडी इस्त्री करून ठेवली होती, एकटी बसनं जाणार होती, आणि ह्यानं शेठला खूश करायला तिच्या हातानं तिची सुरत तिलाच तळायला लावली. सांगितलं की प्रदर्शनवाल्या ताईंना ती म्हणाली होती, उंदरांनी खाल्लं. म्हटलं, 'तो उंदीर बॅनरवर आहे, बघून घ्या.'

दादा पुटपुटला, 'मंगल, लोकं बघताहेत.' मग माझ्याकडं न बघता म्हणाला, 'अगं, ती पण हसत होती त्या दिवशी. तू होतीस ना? ती हसतच होती.'

हे त्याला खरंच वाटत होतं. इतकी वर्षं तो ह्याच भरवशावर शांत झोपत होता. तू हसलीस म्हणून.

मोठी काकी खुर्चीवरून म्हणाली, 'भगवान, तय बापा. तय.' तळ, एवढंच सांगून तिनं काठी जमिनीवर एकदा टेकवली. काकीच्या शब्दापुढं तो कधी गेला नाही. तो शेगडीसमोर बसला. त्याला तळता येत नव्हतं, जन्मात कढईला हात लावला नव्हता. तेल जास्त तापलं. भिंती काळ्या पडल्या. कुरडया फुलायच्या आत जळाल्या. एक थेंब त्याच्या मनगटावर उडाला, त्यानं हात झटकला आणि पुन्हा झारा धरला. स्टेशन, मग चौक, मग मार्केट. मी परात पुढं करत राहिले. शेठच्या ताटात जळका तुकडा ठेवला तेव्हा तो म्हणाला, 'बहेन, आ क्यारनी वात छे?' त्याला आठवतच नव्हतं. कधीची गोष्ट, विचारत होता. मी म्हटलं, 'खा, आठवेल.' तो ताट खुर्चीवर ठेवून निघून गेला.

मग मी दादाला म्हटलं, 'तू पण खा.' त्यानं एक तुकडा तोंडात घातला. चावता चावता रडायला लागला. तुझा बिबडा होता तो, तीळ-लसणाचा, तुझ्याच हातची चव. तो मोठमोठ्यानं रडला, तोंडात घास तसाच. बाया उठून त्याच्याकडं गेल्या. मी गेले नाही. मला दया आली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं वय झाल्यावर मी म्हणेन की आली होती.

आता आखाजी, आपली अक्षय्यतृतीया, आठ दिवसांवर आली आहे. दर वर्षी दादा स्वतः न्यायला यायचा, दारातूनच ओरडायचा, 'चल, माहेरवाशीण!' ह्या वर्षी फोनही नाही. काकीमार्फत निरोप आला, तिनं येऊ नये. मी काकीला म्हटलं, कळलं. माहेर एका कढईत गेलं. मला ते परात पुढं करतानाच माहीत होतं, आणि तरी मी ती पुढं केली.

काल काजल आली. तुझी लेक तुझ्यासारखी गप्प नाही. चहा घेतला, गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिथं आता काही नाही, नुसतं ऊन. म्हणाली, 'फुई, मम्मीला ते आवडलं असतं?'

मी म्हटलं, 'नाही. मुळीच नाही. माझं मनगट धरलं असतं तिनं.'

'डब्यातले बिबडेपण गेले सगळे. मम्मीच्या हातचे. मला एकसुद्धा नाही राहिला.'

मी चहाचे कप उचलले.

'पप्पांनी मम्मीचं शहर तळलं,' ती म्हणाली. 'तुम्हीपण तेच तळलं ने?'

वहिनी, मला ह्याचं उत्तर द्यायला हवं होतं. मी तिला सांगू शकले असते की तुझ्यासाठी केलं, न्यायासाठी केलं, बॅनर बघून डोकं फिरलं. तिनं ऐकून घेतलं असतं. तिचे डोळे तुझे आहेत, आणि त्या डोळ्यांना अर्धवट उत्तर चालत नाही.

मी म्हटलं, 'हो. तेच तळलं.'

'मग केलं कशाला?'

'मला हवं होतं म्हणून.'

तिनं चपला घातल्या आणि गेली. पुन्हा येईल का, माहीत नाही. तू एकदा विचारलं होतंस, तुझा राग माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी, आणि मी उठून गेले होते. माझ्यासाठीच होता, वहिनी. आणि तो अजून संपलेला नाही.